विश्लेषण : झोजिलाचा बर्फ हटवायला साधा जेसीबी का पुरत नाही?

श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता १ एप्रिल २०२५ रोजी पुन्हा सुरू झाला. वाटेतली झोजिला खिंड त्या हिवाळ्यात फक्त ३२ दिवस बंद होती. आदल्या वर्षी ती ३५ दिवस बंद होती, २०२३ मध्ये ६८ आणि २०२२ मध्ये ७३ दिवस. त्याआधीच्या वर्षांत हीच खिंड १६० ते १८० दिवस बंद असायची, असं सीमा रस्ते संघटनेचं, म्हणजे ‘बीआरओ’चं म्हणणं आहे. वर्षातले पाच-सहा महिने द्रास आणि कारगिलकडे जाणारा ट्रक, रुग्ण, विद्यार्थी, भाजी, गॅस सिलिंडर असं सगळं एकतर विमानाने जायचं किंवा जायचंच नाही.

या बातमीसोबत दरवर्षी एक फोटो येतो. दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच भिंती, मधून एक गाडी आणि कडेला पिवळं यंत्र. त्या फोटोखाली एक प्रतिक्रियाही ठरलेली असते : ‘एवढे जेसीबी आहेत देशात, लावा की पन्नास एकदम!’ प्रश्न चुकीचा नाही. २०१९ मध्ये ‘जेसीबी की खुदाई’ बघायला गर्दी करणाऱ्या देशात तो पडणारच. पण आपल्या गल्लीत पाइपलाइनसाठी खड्डा खणणारा जेसीबी उचलून तसाच झोजिलावर नेला, तर पहिल्या सकाळी तो बहुधा सुरूच होणार नाही. सुरू झालाच, तर जागेवर घसरेल. आणि घसरला नाही, तर त्याचं काम संपेपर्यंत उन्हाळा आलेला असेल.

का, ते एकेक करून पाहू.

आधी थोडा हिशेब

रस्ता सहा मीटर रुंद धरा. त्यावर तीन मीटर बर्फ आहे असं समजा. झोजिलासाठी हा आकडा अजिबात फुगवलेला नाही. एक किलोमीटर लांबीत १८ हजार घनमीटर बर्फ झाला. नेहमीच्या बॅकहो-लोडरच्या पुढच्या बकेटमध्ये साधारण एक घनमीटर माल बसतो. मिनिटाला एक बकेट, न थांबता, असं धरलं तरी १८ हजार मिनिटं लागतात, म्हणजे ३०० तास. चहा नाही, डिझेल भरणं नाही, रात्र नाही, तरी साडेबारा दिवस. आणि हा फक्त एक किलोमीटर.

मग यंत्रं वाढवा? डोंगरातला रस्ता अरुंद असतो. बर्फाच्या तोंडाशी एका वेळी एक, फार तर दोन यंत्रं उभी राहू शकतात. मागे पन्नास उभी केली तरी ती रांगेत नुसती धूर सोडत बसतील. त्यामुळे काम दोन्ही टोकांकडून सुरू करतात. झोजिलावर सोनमर्गच्या बाजूने ‘प्रोजेक्ट बीकन’ आणि द्रासच्या बाजूने ‘प्रोजेक्ट विजयक’ अशा बीआरओच्या दोन तुकड्या एकमेकींकडे खणत येतात. २०२५ मध्ये २७ फेब्रुवारी ते १६ मार्च सतत बर्फवृष्टी झाली आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत या तुकड्यांनी रस्ता मोकळा केला. हा वेग यंत्रांच्या संख्येतून येत नाही, तोंडावरचं एकेक यंत्र किती बर्फ गिळतं यातून येतो.

बर्फ म्हणजे पांढरी माती नव्हे

मातीचा एक घनमीटर साधारण १,६०० ते १,८०० किलो भरतो. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ त्याच मापात ५० ते १०० किलो. काही दिवस दबलेला २०० ते ३००. वाऱ्याने घट्ट बसवलेला ४०० च्या आसपास. हिमस्खलनात खाली आलेला ढिगारा ४०० ते ६०० किंवा त्याहूनही जास्त आणि तो काँक्रीटसारखा घट्ट बसतो. निव्वळ बर्फाची लादी ९१७ किलो.

मातीसाठी बनवलेली बकेट दबलेल्या बर्फाने काठोकाठ भरली, तरी यंत्र आपल्या ताकदीच्या पाव हिश्श्यावरच काम करत असतं. म्हणून पहिला बदल सगळ्यात सोपा आणि सगळ्यात स्वस्त : मोठी बकेट. हलक्या मालासाठीची ही बकेट नेहमीच्या बकेटच्या दीडपट-दुप्पट असते. दात काढून सरळ धार लावलेली असते, कारण दात खालचं डांबर उकरतात. बकेट पटकन बदलता यावी म्हणून यंत्राच्या हाताला ‘क्विक कपलर’ बसवतात. सकाळी बकेट, दुपारी पातं, असं काही मिनिटांत करता येतं.

मात्र इथेच गडबडही होते. हलक्या बर्फासाठी घेतलेली मोठी बकेट कुणी हिमस्खलनाच्या ओल्या, दगडगोट्यांनी भरलेल्या ढिगाऱ्यात घातली की तीच बकेट यंत्राला पुढे झुकवते. मागची चाकं हलकी होतात. खाली दरी असताना हे परवडत नाही. त्यामुळे मागे वजन बांधणं हा या बदलाचा दुसरा अर्धा भाग आहे. तो फोटोत दिसत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं, इतकंच.

पातं, कटर आणि थ्रेशर

कमी बर्फ असेल तर ट्रकच्या किंवा ग्रेडरच्या पुढे तिरकं पातं लावून तो कडेला सारणं सगळ्यात जलद. या पात्याच्या खालच्या कडेला स्प्रिंगची यंत्रणा असते. बर्फाखाली दडलेला दगड किंवा मॅनहोलचं झाकण लागलं की कड मागे दुमडते आणि परत जागेवर येते. ही यंत्रणा नसेल तर चालकाची मान आणि गाडीची चासी, दोन्हींना एकदम धक्का बसतो. साधं पोलादी पातं वेल्डिंग करून ट्रकला जोडण्याचा जुगाड अनेक ठिकाणी केला जातो. त्यात नेमकी हीच स्प्रिंग गाळलेली असते.

पण सारायचा कुठे? पहिल्या बर्फाच्या वेळी कडेला जागा असते. पाचव्या बर्फापर्यंत कडेलाच भिंत उभी राहिलेली असते आणि नवीन बर्फ तिच्यावर चढत नाही. इथून पुढे बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र लागतं, त्याला बीआरओच्या भाषेत ‘स्नो कटर’ म्हणतात. पुढे फिरणारे सर्पिल पट्टे बर्फ कापून मध्याकडे ओढतात, मागचा पंखा तो नळीतून हवेत भिरकावतो. मोठी यंत्रं तीस मीटर किंवा त्याहूनही लांब फेकतात, थेट दरीत.

ही कल्पना शेतातून आली, हे मला तरी माहीत नव्हतं. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या आर्थर सिकार्ड यांनी धान्याचं मळणी यंत्र, म्हणजे आपला थ्रेशर पाहिला आणि तसंच बर्फाचं करता येईल असं त्यांना वाटलं. १९२५ मध्ये त्यांनी ट्रकच्या चासीवर आपलं यंत्र बनवलं. त्यातली खरी हुशारी अशी की त्याला दोन इंजिनं होती : एक गाडी चालवायला, दुसरं फक्त बर्फ फेकायला.

शंभर वर्षांनंतरही हीच गोष्ट नडते. साध्या लोडरला पुढे ब्लोअर जोडू म्हटलं तर लोडरचा हायड्रॉलिक पंप तेवढं तेल पुरवू शकत नाही. बकेट वर-खाली करायला लागणारं बळ थोडा वेळ लागतं, ब्लोअरला ते अखंड लागतं. म्हणून मोठे ब्लोअर स्वतःचं इंजिन घेऊनच येतात आणि लोडर त्यांना फक्त ढकलतो. आणखी एक अडचण वेगाची. ब्लोअरला गोगलगायीच्या चालीने, पण एकसारखं पुढे जावं लागतं. गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टरवर चालणाऱ्या बऱ्याच लोडरना इतकं हळू जाणं जमतच नाही. ते हिसके देत पुढे सरकतात आणि ब्लोअर तुंबतो.

आणि कटरचा मोठा शत्रू म्हणजे दगड. हिमस्खलनाच्या ढिगाऱ्यात शिळा, झाडांची खोडं, तुटलेल्या कठड्यांच्या सळ्या असं सगळं असतं. सर्पिल पट्ट्यांना जोडणारा बोल्ट मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. दगड अडकला की तो बोल्ट तुटतो आणि लाखमोलाचा गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजसारखंच हे. चालकाजवळ अशा बोल्टांचा डबा असतो. गारठलेल्या हातांनी, वाऱ्यात उभं राहून तो बदलायचा. ज्याला हा त्रास नको असतो तो तिथे जाड बोल्ट घालतो, आणि मग फ्यूजच्या जागी तार घातल्यावर जे होतं तेच होतं.

म्हणून झोजिलासारख्या जागी कामाचा क्रम ठरलेला असतो. साखळी पट्ट्यांचा डोझर वर चढून थर पायऱ्या-पायऱ्यांनी खाली आणतो, कारण कटरचं तोंड जेमतेम माणसाच्या छातीपर्यंत किंवा थोडं वर पोहोचतं. ढिगाऱ्यातले दगड आणि खोडं एक्सकॅव्हेटर वेचून काढतो. उरलेला बर्फ कटर फेकतो. शेवटी ग्रेडर किंवा लोडर तळ साफ करतो. चारही यंत्रं वेगळी, त्यांच्यात केलेले बदलही वेगळे.

डिझेलचं खोबरेल तेल होतं तेव्हा

पुण्या-नाशिकच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. डिझेलचंही तेच होतं, फक्त बऱ्याच खालच्या तापमानाला. डिझेलमध्ये मेणासारखा पॅराफिनचा अंश असतो. थंडी वाढली की आधी त्याचे बारीक स्फटिक होतात आणि डिझेल गढूळ दिसू लागतं. मग ते स्फटिक फिल्टर तुंबवतात. टाकीत इंधन आहे, पण इंजिनापर्यंत जात नाही. त्याहून थंडी वाढली तर डिझेल ओतताच येत नाही.

लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत बनणारं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. त्याआधी ट्रकचालकांचा हमखास उपाय म्हणजे टाकीखाली शेकोटी. वाचताना अंगावर काटा येतो, पण उंचावरच्या ढाब्यांवर हे दृश्य नवं नव्हतं. दुसरा उपाय म्हणजे रात्रभर इंजिन चालू ठेवणं. त्यात डिझेल जळतं आणि इंजिनही झिजतं. नीट तयार केलेल्या यंत्रात इंजिन ब्लॉकला हीटर असतो आणि डिझेलच्या फिल्टरलाही.

इंजिन ऑइलचंही तसंच. कॉलेजात तोंडी परीक्षेत मला ‘१५डब्ल्यू-४०’ मधल्या ‘डब्ल्यू’चा अर्थ विचारला होता. मी आत्मविश्वासाने ‘वेट’ म्हणालो. तो ‘विंटर’ असतो. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं. मैदानी भागात १५ चालतो, उणे पंचवीसमध्ये ५ किंवा ० लागतो. गुण गेले, पण आता विसरणार नाही.

रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी ग्लायकॉल आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण घालतात. ते साधारण उणे ३७ अंशांना गोठतं. गंमत अशी की ‘जास्त चांगलं’ म्हणून कुणी शुद्ध ग्लायकॉल भरलं तर ते उणे १३ च्या आसपासच गोठतं. मिश्रणातच गुण आहे, दोघांपैकी एकट्यात नाही.

बॅटरी कडाक्याच्या थंडीत निम्म्या ताकदीवर येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गोठत नाही. उतरलेली बॅटरी उणे आठ-दहालाच गोठून फुटू शकते. नव्या यंत्रांना आणखी एक जोखड आहे. प्रदूषण कमी करण्यासाठी त्यात युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ लागतं आणि ते उणे ११ ला गोठतं. टाकी गरम ठेवायची सोय यंत्रात असते, पण ती बिघडली की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. शहरात हे वैतागवाणं आहे, खिंडीत धोक्याचं.

उंचीचा मुद्दा राहिलाच. झोजिला सुमारे ३,५२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो. टर्बोचार्जर नसलेलं इंजिन तिथे आपली जवळजवळ एक तृतीयांश ताकद गमावून बसतं. तेव्हा मैदानात विकत घेताना कागदावर वाचलेले अश्वशक्तीचे आकडे वर नेल्यावर खरे राहत नाहीत.

चेन, भोकं आणि लाकडी फळ्या

चाकांच्या यंत्रांना लोखंडी चेन लावतात, हे फोटोत दिसतं. साखळी पट्ट्यांच्या डोझरचं मात्र वेगळंच दुखणं असतं. पट्टा आणि दातेरी चाक यांच्यामध्ये बर्फ दाबून बसतो, पट्टा ताणला जातो, आणि ताण वाढत गेला की तुटतो किंवा निसटतो. त्यावर उपाय म्हणून पट्ट्याच्या प्रत्येक पत्र्याला मध्यभागी भोक असतं. दातेरी चाकाचा दात आला की तो बसलेला बर्फ त्या भोकातून बाहेर ढकलतो. पट्टाही उन्हाळ्यापेक्षा सैल ठेवतात. असं साधं, बिनखर्चिक काही पाहिलं की मला इंजिनीअरिंगवर पुन्हा प्रेम जडतं.

रात्री यंत्र उभं करताना पट्ट्याखाली लाकडी फळ्या घालतात, नाहीतर सकाळी तो जमिनीला चिकटलेला असतो. काम संपताच डिझेलची टाकी भरून ठेवतात, कारण रिकाम्या टाकीतल्या हवेतला ओलावा रात्री पाणी होतो आणि पाइपात गोठतो. हायड्रॉलिक तेल थंड असताना एकदम जोर लावला तर पंप जातो, रबरी नळ्या तडकतात. साधं पोलादसुद्धा अशा थंडीत ठिसूळ होतं. वेल्डिंग कच्चं असेल तर तडा तिथूनच जातो. आणि म्हणूनच गावातल्या गॅरेजमध्ये जोडून घेतलेल्या पात्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मीठ टाकून बर्फ वितळवता येत नाही का? युरोप-अमेरिकेतल्या शहरांत टाकतात. पण उणे नऊ-दहाच्या खाली मीठ जवळपास निकामी ठरतं, आणि लोखंड खातं ते वेगळंच. खिंडीत मग वाळू-खडी पसरतात. तिने बर्फ वितळत नाही, चाक धरतं एवढंच.

केबिनमधल्या माणसाचं काय?

तीन मीटर बर्फाखाली रस्ता नेमका कुठे आहे? कडेचे उंच खांब, जीपीएस आणि त्या वळणांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या ऑपरेटरची आठवण, या तिन्हींवर डोझर चालतो. दोन हात चुकला तर दरी. वर उतारावर लटकलेला बर्फ असतो. मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढलं की तो सैल होतो, म्हणून काम पहाटे सुरू करून उन्हाच्या आत आटोपतं घेण्याकडे कल असतो. हिमस्खलनाचा अंदाज डीआरडीओची ‘डीजीआरई’ ही संस्था देते. पण अंदाज हा अंदाजच असतो.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमध्ये माणा गावाजवळ बीआरओच्या कामावरच्या मजुरांच्या तळावर हिमस्खलन कोसळलं. ५४ जण अडकले. ४६ वाचले, आठ जण दगावले. मजूर लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते. बर्फाने ते कंटेनर उचलून खाली फेकले, तरी आतल्या अनेकांना श्वास घ्यायला जागा मिळाली. रस्ता ‘विक्रमी वेळेत’ सुरू झाल्याची बातमी आपण वाचतो, त्या विक्रमाची किंमत अशी असते. विक्रमाच्या घाईत पहाटेचं काम दुपारपर्यंत लांबत असेल, तर ते वेळीच थांबवण्याचा अधिकार डोझरवरच्या माणसाला असायला हवा, असं मला वाटतं.

यंत्रातले काही बदल थेट त्याच्यासाठी आहेत. केबिनला उलटली तरी न चेपणारी चौकट, हीटर, काच गरम ठेवणारी तार, अंगावर हिमस्खलनात शोध लागावा म्हणून संदेश पाठवणारं छोटं यंत्र. खर्च कापायचा म्हटलं की ठेकेदाराच्या यादीतून आधी हीच नावं जातात.

या माणसांचं महाराष्ट्राशी एक नातं आहे. बीआरओत काम करणाऱ्या ‘जनरल रिझर्व्ह इंजिनीअर फोर्स’चं, म्हणजे ‘ग्रेफ’चं केंद्र पुण्यात दिघीला आहे. देशभरातून भरती झालेले जवान, त्यात यंत्रांचे ऑपरेटरही आले, आधी तिथे येतात. पुण्याच्या घामट मे महिन्यातून त्यांची बदली कधी द्रासला होईल, सांगता येत नाही.

खिंड कमी दिवस बंद राहते, ते फक्त यंत्रांमुळेच?

नाही. दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. पूर्वी पहिला मोठा बर्फ पडला की खिंड बंद जाहीर करून वसंताची वाट पाहायची पद्धत होती. आता डिसेंबर-जानेवारीतही प्रत्येक बर्फवृष्टीनंतर लगेच रस्ता साफ करतात, त्यामुळे थर साचून दगडासारखा होत नाही. ताजा १०० किलोचा घनमीटर उचलणं आणि जुना ५०० किलोचा फोडणं, यातला फरक वरच्या आकड्यांत आहेच. दुसरं म्हणजे बर्फ दरवर्षी सारखा पडत नाही. उशिरा पडला तर बंदचे दिवस आपोआप कमी होतात.

पुढचं उत्तर बोगद्यात शोधलं जातंय. सोनमर्गचा ६.५ किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला. त्याच्या पुढे १३ किलोमीटरहून लांब झोजिला बोगद्याचं काम सुरू आहे. तो झाला की खिंड टळेल, पण बोगद्याची दोन्ही तोंडं आणि त्यांच्याकडे जाणारे रस्ते बर्फातच राहतील. मनालीजवळचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे. तरी डिसेंबर २०२४ मध्ये बोगदा आणि सोलंग यांच्यामध्ये शेकडो पर्यटकांच्या गाड्या घसरड्या रस्त्यावर अडकल्या होत्या. तुम्ही नाताळात तिकडे जाणार असाल तर हे लक्षात ठेवा : पुढची गाडी अडली आणि मागून सगळे आडवेतिडवे घुसले, की बर्फ काढणारं यंत्र तुमच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. एका बाजूची मार्गिका मोकळी सोडणं हे तिथल्या पोलिसांचं सततचं सांगणं असतं ते यासाठी.

मे उजाडला की बदल उलटे होतात. चेन उतरवून, पुसून, तेल लावून ठेवतात. पट्टा परत आवळतात, मोठी बकेट काढून दातांची बकेट चढवतात. तोवर वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने डोंगर सैल झालेला असतो आणि त्याच यंत्राला त्याच वळणावर दरड उपसायला बोलावणं आलेलं असतं.